जरा जास्त वेळ बघणारी माणसं

तुमचे आवडते स्टँड-अप कॉमेडियन कोण, असं मला बरेच जण विचारतात. कानात कुणाचा ना कुणाचा सेट, म्हणजे मंचावर केलेला कार्यक्रम, चालूच असतो, त्यामुळे विचारणारच. आजवर मी दोन-तीन नावं सांगून विषय संपवत आले. तुम्ही मात्र पुढचंही विचारलंत: त्यांच्या विनोदांवर हसू नेमकं येतं कशामुळे, आणि न आवडणारे कोण? म्हणून या वेळी नीट सांगते.

सुरुवात एका सरकत्या जिन्यापासून करते. मिच हेडबर्ग नावाचा अमेरिकन कॉमेडियन होता. रंगीत काचांचा चष्मा, तोंडावर आलेले केस, आणि प्रेक्षकांची इतकी धास्ती की पुष्कळदा डोळे मिटूनच बोलायचा. २००५ साली, वयाच्या ३७व्या वर्षी तो गेला. त्याचं म्हणणं असं की एस्कलेटर कधी बंद पडूच शकत नाही, फार तर त्याचा जिना होतो. तेव्हा 'एस्कलेटर बंद आहे' ही पाटीच चुकीची. पाटी हवी ती अशी: 'एस्कलेटर तात्पुरता जिना झाला आहे. सोयीबद्दल क्षमस्व.'

मराठीत हा विनोद आणखी खुलतो असं मला वाटतं, कारण 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' यातला 'गैर' तेवढा काढला की काम होतं. पण मला आवडतं ते वेगळंच. बंद एस्कलेटर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. चडफडत पायऱ्या चढलेलो असतो. हेडबर्ग त्याच्यासमोर आपल्यापेक्षा चार सेकंद जास्त थांबला, आणि त्या चार सेकंदांत त्याला दिसलं की इथे तर काहीच बिघडलेलं नाही.

माझं सगळं उत्तर खरं तर इथेच आहे. मला आवडणारे कॉमेडियन एकमेकांसारखे अजिबात नाहीत. कुणी ओरडतं, कुणी पुटपुटतं, कुणी दीड तास एकच गोष्ट सांगतं. पण सगळे एखाद्या गोष्टीकडे आपल्यापेक्षा जास्त वेळ बघतात. आपण ओळखीची वस्तू दिसली की पुढे जातो. दुखरी वस्तू दिसली की मान फिरवतो. ही माणसं मान फिरवत नाहीत.

ओळखीच्या वस्तूंचं आधी सांगते, ते सोपं आहे. अमेरिकन कॉमेडियन स्टीव्हन राइट १९८२ साली टीव्हीवर जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये पहिल्यांदा आला आणि कार्सनने त्याला आठवड्याच्या आतच परत बोलावलं. चेहऱ्यावर रेषा हलत नाही, आवाज झोपेतून उठल्यासारखा. तो सांगतो, माझ्याकडे शिंपल्यांचा मोठा संग्रह आहे, जगभरच्या समुद्रकिनाऱ्यांवर पसरून ठेवलाय. झालं, संपला विनोद. तो हसत नाही, समजावत नाही, पुढच्या वाक्याला लागतो. 'संग्रह' या शब्दात मालकी कुठून सुरू होते, हे त्याने एका वाक्यात उचकटलेलं असतं आणि आपण ते दोन वाक्यांनंतर पकडतो. म्हणूनच त्याच्या कार्यक्रमात हशा एकदम येत नाही, सभागृहात इकडून तिकडे फिरत येतो.

जॉर्ज कार्लिन हा अमेरिकन कॉमेडियनही याच जातीचा, फक्त तापट. १९७७ ते २००८ या काळात त्याने एचबीओ या अमेरिकन वाहिनीसाठी १४ स्पेशल, म्हणजे साधारण तासाभराचे एकट्याचे कार्यक्रम, केले. म्हणजे साधारण दर दोन-सव्वादोन वर्षांनी नवा तास, आणि तोही जुनं उगाळत न बसता. बहुतेक जण त्याला रेडिओ-टीव्हीवर न चालणाऱ्या सात अश्लील शब्दांसाठी ओळखतात. ते प्रकरण १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा त्याचं महत्त्व आहेच. मला मात्र त्याचा 'सामान' हा भाग जास्त प्रिय. घर म्हणजे काय, तर वर झाकण असलेला सामानाचा ढीग. दुसऱ्याचं सामान ही अडगळ, आपली अडगळ हे सामान. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणणाऱ्या भाषेला हे समजावून सांगायला नकोच. पण कार्लिन तिथे थांबत नाही. प्रवासाला निघताना आपण सामानाची छोटी आवृत्ती करतो, तिथून रात्रीपुरतं कुठे जायचं तर आणखी छोटी, असं करत करत तो माणसाची सगळी असुरक्षितता एका पिशवीत आणून ठेवतो. शब्दांवर इतका जीव असलेला माणूस मी या क्षेत्रात दुसरा पाहिलेला नाही.

आता दुखऱ्या गोष्टींकडे. इथे पहिलं नाव रिचर्ड प्रायर या कृष्णवर्णीय अमेरिकन कॉमेडियनचं. फक्त एकच नाव सांगा म्हणालात तर मी हेच सांगेन.

प्रायर १९४० साली जन्मला, आजीच्या वेश्यागृहात वाढला. सुरुवातीला नीटनेटके, कुणाला न बोचणारे विनोद करून यशस्वी झाला. मग १९६७ साली लास व्हेगासमध्ये भर कार्यक्रमात, मी इथे काय करतोय, असं म्हणून मंचावरून निघून गेला. परत आला तो आपल्या वस्तीतली माणसं आवाजासकट सोबत घेऊन. १९७७ साली त्याला हृदयविकाराचा झटका आला, आणि १९७९च्या 'लाइव्ह इन कॉन्सर्ट'मध्ये त्याने तो झटका मंचावर उभा केला.

उभा केला हे अक्षरशः म्हणतेय. तो छातीवर मूठ आवळतो आणि ते हृदय बोलायला लागतं. श्वास घेऊ नकोस, असं दरडावतं. गल्लीतल्या दादासारखा आवाज. प्रायर गयावया करतो, हृदय त्याला गुडघ्यावर आणतं, मग पाठीवर पाडतं, आणि विचारतं की आता मरणाचा विचार करतोस, मग ते सगळं डुकराचं मांस खात होतास तेव्हा कुठे गेला होता विचार? प्रायर घाईघाईने देवाला फोन लावतो, तिकडून त्याला होल्डवर ठेवतात. हे कळल्यावर हृदय आणखी खवळतं: माझ्या पाठीमागे देवाशी बोलतोस?

माझ्या मोठ्या भावाला काही वर्षांपूर्वी झटका आला होता. अँजिओप्लास्टी होऊन तो घरी आला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याभोवती हळू आवाजात वावरायचो. काय झालं त्या रात्री, हे कुणी विचारत नव्हतं, तोही बोलत नव्हता. एका रात्री त्याला झोप येईना. म्हणाला, "ते तुझं काहीतरी लाव, हसायचं." मी प्रायर लावला. लावताना हात थरथरत होता, कारण त्यात पुढे काय येणार ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

हृदय पहिल्यांदा बोललं तेव्हा दादा एकदम स्तब्ध झाला. मला वाटलं, चूक झाली, बंद करावं. मग तो हसायला लागला. छातीवर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वहिनी आतून धावत आल्या. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "अगं, अगदी असंच असतं. आतून कुणीतरी दम देतं." आणि त्यानंतर त्या रात्रीचं सगळं त्याने आम्हाला पहिल्यांदा सांगितलं. पायऱ्या उतरताना काय वाटलं, कुणाची आठवण झाली, काय राहिलं असं वाटलं.

तोवर मी प्रायरच्या त्या भागाला उत्तम अभिनय म्हणायचे. दादामुळे कळलं की तो अचूक आहे. जमिनीवर पडलेला असतानाही प्रायरच्या आतलं काहीतरी टक्क जागं राहून बघत होतं.

त्याचं हे बघणं दुसऱ्या एका ठिकाणी मला फार मोठं वाटतं. कृष्णवर्णीयांसाठीचा तो हीन शब्द प्रायर वर्षानुवर्षं मंचावर वापरत होता, अल्बमच्या नावांतसुद्धा. १९७९ साली तो केनियाला जाऊन आला. पुढे १९८२च्या कार्यक्रमात त्याने सांगितलं की तिथे आजूबाजूला बघताना जाणवलं, इथे तसं कुणीच दिसत नाहीये, आणि आता आपण तो शब्द वापरणार नाही. ज्या शब्दावर हमखास हशा मिळतो तो स्वतःहून खाली ठेवणं सोपं नव्हतं. कॉमेडियनने कधीच मागे हटू नये, असं हल्ली फार जोरात म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पुन्हा एकदा नीट बघितल्यावर मत बदललं, तर ते बदललेलंही मंचावर आलं पाहिजे.

टिग नोटॅरो या अमेरिकन कॉमेडियनचा प्रसिद्ध सेट ३ ऑगस्ट २०१२चा, लॉस एंजेलिसच्या 'लार्गो' या क्लबमधला. त्याआधीच्या चार महिन्यांत तिला न्यूमोनिया झाला, मग आतड्याचा जीवघेणा संसर्ग, मग आई पडून अचानक गेली, मग जोडीदाराशी फारकत, आणि काहीच दिवसांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं निदान. ती मंचावर आली आणि 'नमस्कार, कसे आहात?' याच सुरात तिने सांगितलं की मला कॅन्सर आहे. लोक हसले, कारण ती मस्करी करतेय असं वाटलं. ती तेच पुन्हा सांगत राहिली आणि हशा विरत गेला. मग ती पुढच्या रांगांतल्या हादरलेल्या लोकांना धीर देऊ लागली: ठीक आहे, सगळं ठीक होईल. नाहीही होणार कदाचित.

त्या सेटमध्ये तिने सांगितलेलं एक समीकरण मला पाठ आहे. शोकांतिका अधिक वेळ बरोबर विनोद, असं म्हणतात, आणि मी अजून शोकांतिकेवरच आहे. मध्येच ती विचारते, हे सोडून नेहमीचे हलकेफुलके विनोद करू का? तेव्हा प्रेक्षकांतून एक जण ओरडून नको म्हणतो. त्या माणसाचे मी मनोमन किती वेळा आभार मानलेत. तीन वर्षांनी, दोन्ही स्तन काढल्यानंतर, तिने एका स्पेशलमध्ये भर मंचावर शर्ट काढला आणि तशीच उभी राहून अगदी साधे, रोजचे विनोद करत राहिली. थोड्या वेळाने बघणारा ते व्रण विसरतो. ते तिने घडवून आणलं.

ऑस्ट्रेलियन कॉमेडियन हॅना गॅड्सबीचं 'नॅनेट' हे स्पेशल २०१८ साली आलं तेव्हा बरेच जण म्हणाले की हे स्टँड-अपच नाही. माझ्या मते ते स्टँड-अपच आहे, फक्त तिथे बघायची वस्तू म्हणजे विनोद. बसस्टॉपवर एका माणसाने तिला मुलगा समजून मारायची धमकी दिली आणि मुलगी आहे कळताच माफी मागितली, असा किस्सा ती आधी रंगवून सांगते. हशा मिळतो. कार्यक्रमाच्या शेवटाकडे ती त्याच किश्शाकडे परत येते आणि सांगते की तो माणूस मागे वळून आला होता आणि त्याने तिला मारलं होतं. तिचं म्हणणं, विनोदाला सेट-अप (आधीची मांडणी) आणि पंच (हशाचा टोला) एवढे दोनच भाग पुरतात, गोष्टीला शेवट लागतो, आणि शेवट सांगितला असता तर तुम्ही हसला नसता. हे पाहिल्यापासून कुठलाही छान बेतलेला किस्सा ऐकला की याचा शेवट कुठे कापलाय, असा प्रश्न माझ्या मनात येतोच.

आता तुम्ही म्हणाल, सगळं दुःखच का? तर हिंदीतला कॉमेडियन झाकीर खान आहे. आजोबा उस्ताद मोईनुद्दीन खाँ सारंगीवादक, वडीलही संगीतातले, आणि ते त्याच्या बोलण्यात ऐकू येतं. तो घाई करत नाही. नाकारल्या गेलेल्या मुलाची छोटीशी लाज तो हातात घेऊन बसतो, तिच्याभोवती आलापी करतो, आणि श्रोते समेची वाट बघायला लागले की एका शब्दावर समेवर येतो. पंचलाइन लिहिता येते, हे येणं रियाजाचं.

रियाजाचा विषय निघाला म्हणून अमेरिकन कॉमेडियन फिलिस डिलर. पाच मुलांची आई, १९५५ साली ३७व्या वर्षी पहिल्यांदा मंचावर आली. तिने आयुष्यभर आपले विनोद कार्डांवर टंकून, विषयवार लावून कपाटात ठेवले. ते कपाट आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि त्यात ५०,०००हून जास्त कार्डं आहेत. स्टँड-अप म्हणजे माइक हातात घेऊन सुचेल ते बोलणं, असं कुणी म्हटलं की मी त्या कपाटाचं सांगते.

न आवडणारेही विचारलेत. जे गोष्टीकडे न बघता सगळा वेळ प्रेक्षकांकडेच बघतात, ते मला कंटाळवाणे वाटतात. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या कपड्यांवर, वजनावर दहा मिनिटं काढणं याला टायमिंग लागतं, मान्य आहे. पण त्या माणसाबद्दल मला त्यातून काहीच कळत नाही.

सुरुवात कुठून करू, हे तुम्ही विचारण्याआधीच सांगून ठेवते. दमून आला असाल तर हेडबर्ग, पाच-पाच मिनिटांचे तुकडे. प्रायर एकट्याने बघू नका, शेजारी कुणीतरी असू द्या. आणि नोटॅरोचा तो सेट नुसता ऐकायचाच आहे, त्याचं फक्त ध्वनिमुद्रण आहे, तेव्हा रात्री दिवा घालवून ऐका. अगदी शेवटी ती आपला नेहमीचा एक साधा विनोद सांगते, वाहतूक कोंडीत तिच्या गाडीला मागे टाकून गेलेल्या मधमाशीचा. ती मधमाशी येईपर्यंत बंद करू नका.