काळ्या डुंगरावर, दत्ताच्या भेटीला

दत्ताची आपल्याकडची बहुतेक स्थानं नदीकाठची. नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर; स्नान करायचं आणि ओलेत्यानं दर्शनाला जायचं. कच्छच्या काळो डुंगरावर दत्त बसले आहेत ते मात्र मिठाच्या रणाकडे तोंड करून उभ्या असलेल्या डोंगराच्या माथ्यावर. तिथे चालतच जायचं, हे मनात फार दिवस होतं.

मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, आम्ही काही जण खावड्याहून पहाटे निघालो. अंतर पंचवीसएक किलोमीटर. ‘दिगंबरा दिगंबरा’ म्हणत पावलं पडत होती. दोन्ही बाजूंना गांडो बावळाची, म्हणजे वेड्या बाभळीची, झुडपं, मधूनच म्हशींचे कळप, आणि समोर डुंगर. उंची अवघी 462 मीटर. सह्याद्रीत एवढ्या डोंगराचं कुणाला अप्रूप वाटणार नाही. पण कच्छमधलं सर्वांत उंच ठिकाण हेच, आणि भोवती सगळं सपाट असल्यामुळे तो फार मोठा वाटतो.

वाटेत एका वृद्ध मालधारी, म्हणजे गुरं राखणाऱ्या, काकांनी हाक मारून चहा पाजला. ते मुसलमान. म्हणाले, “भाई, म्हशींमागे बन्नीच्या कुरणात कितीही लांब गेलो तरी डुंगर उत्तरेला धरायचा, घर सापडतं. तो आमचा आहे.” ते ‘आमचा’ मला फार आवडलं. आम्ही ज्याला दत्ताचा डोंगर म्हणत होतो, तो त्यांच्याही घरचा होता.

शेवटची चढण दमवते. वळणावर टेकलं की खडक नीट बघता येतो. हे थर जुरासिक काळात समुद्रात साचलेले. त्यांतल्या सर्वांत जुन्या थरांना भूशास्त्रात या डोंगराचंच नाव आहे. आणि माथ्यावरून उत्तरेला दिसतं ते पांढरं रणही एकेकाळी समुद्राचाच फाटा होतं. पावसाळ्यात त्यावर आजही पाणी पसरतं, हिवाळ्यात मीठ उरतं. 16 जून 1819 च्या भूकंपात तिकडे वायव्येला जमिनीचा लांबच लांब पट्टा वर उचलला गेला, त्याला लोक अल्लाबंद म्हणतात. त्याच्या पलीकडे सिंध. आपल्या पायाखालचा डोंगर समुद्रातून वर आलेला आणि समोरचा समुद्र आटलेला, हे तिथे उभं राहून पाहिल्यावर मी कितीतरी वेळ हात जोडूनच होतो.

इथली कथा अशी सांगतात: फिरत फिरत दत्त या डोंगरावर आले, तेव्हा कोल्हे उपाशी होते. दत्तांनी आपलं अंगच पुढे केलं. कोल्हे खात गेले, अंग पुन्हा भरत गेलं. आजही आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसाद वाढतात. घरातल्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार श्वान पाहत मी मोठा झालो. या ओसाड मुलखात त्यांच्या जागी कोल्हे असावेत, हे मला अगदी पटलं.

आरती झाली. पुजाऱ्यांनी ओट्यावर भात ठेवून हाक घातली. खडकांमागून एकच कोल्हा आला, घाईनं खाऊन गेला. “माणसं लांब गेली की बाकीचे येतील,” पुजारी म्हणाले. आम्ही लगेच ओट्यापासून मागे सरलो आणि प्रसादाच्या पंगतीला जाऊन बसलो.