नोलेसाठी रात्रभर रांग, आणि ओल्या गवताचा दीड तास

सेंटर कोर्टचं छप्पर बंद झालं तेव्हा मी बहिणीला म्हटलं, "आता लगेच सुरू होईल." त्यानंतर जवळपास दीड तास गेला.

३ जुलै २०२३, लंडनमधल्या विम्बल्डन या गवतावरच्या टेनिस स्पर्धेचा पहिला दिवस, आणि सेंटर कोर्ट हे तिथलं मुख्य कोर्ट. सर्बियाच्या नोवाक जोकोविचने, म्हणजे चाहत्यांच्या नोलेने, अर्जेंटिनाच्या पेद्रो काचिनकडून पहिला सेट ६-३ घेतला आणि पाऊस आला. मी बारा वर्षं नोलेचा चाहता आहे. या एका सामन्यासाठी रविवारची रात्र तिकिटाच्या रांगेत, विम्बल्डन पार्कात तंबूत काढली होती. एका तंबूत दोघंच चालतात. प्रत्येकाला क्रमांक आणि तारीख असलेलं रांगेचं कार्ड मिळतं, ते जपा, कारण दुसऱ्यासाठी जागा धरता येत नाही. स्वच्छतागृहाला किंवा खायला गेलात तर अर्ध्या तासात परत या. सेंटर कोर्टची साधारण ५०० तिकिटं रोज रांगेतल्यांना मिळतात (शेवटचे चार दिवस सोडून), आमचा नंबर त्यात होता. रात्र छान गेली, पहाटे उठवलं, मनगटाला सेंटर कोर्टच्या तिकिटासाठीची पट्टी बांधली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

सांगायचं आहे ते त्या दीड तासाचं. छप्पर आहे, दिवे आहेत, पंधरा हजार माणसं बसली आहेत, आणि खेळ होत नाही! हे छप्पर २००९ पासून आहे. साधारण दहा मिनिटांत बंद होतं. पण त्यानंतर आतली हवा कोरडी व्हावी लागते, तोवर गवत दमटच राहतं, हे मला तिथे बसून कळलं. बेसलाइनजवळचा, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेजवळचा भाग ओलसर होता. कर्मचारी पानं उडवायचे ब्लोअर घेऊन गवतावर वारा मारत होते. मी घड्याळाकडे बघत होतो. बहीण म्हणाली, "दादा, शांत बस, त्याला आपल्यापेक्षा जास्त घाई असेल." मग नोले स्वतः टॉवेल घेऊन गवत पुसायला लागला आणि आख्खं कोर्ट टाळ्यांनी भरलं. मीही उभा राहून ओरडलो, "नोले! नोले!" पुढच्या रांगेतल्या सर्बियन आजोबांनी मागे वळून झेंड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

तरी चिडचिड जाईना. ती गेली ते नंतर. त्याच कोर्टवर पुढच्या सामन्यात त्रेचाळीस वर्षांची व्हीनस विल्यम्स पहिल्याच सेटमध्ये घसरली, गुडघा धरून कळवळली, आणि तरी सामना पूर्ण खेळली. घसरडं गवत काय करतं ते डोळ्यांनी पाहिल्यावर त्या दीड तासाबद्दल माझी तक्रार राहिली नाही. नोले पडला असता तर?

जाणार असाल तर तंबूखाली जाड प्लास्टिक घाला, आणि कोरडे मोजे तीन जोड्या न्या, दोन पुरत नाहीत. तंबू सामानघरात ठेवता येतो, तो घेऊन आत जायचं नसतं. भूमिगत रेल्वेने यायचं तर साउथफील्ड्सला उतरा, तिथून चालत पोचता येतं. जेवणाचा डबा घरून न्या, आम्ही थालीपीठं नेली होती आणि रात्री शेजारच्या तंबूतल्या दोघांनाही दिली. आणि हो, फक्त मैदानाचा पास (मोठ्या कोर्टांचं तिकीट नसलेला, बाहेरच्या कोर्टांपुरता) असेल तर पावसात बाहेरची कोर्टं झाकलेली राहतात, छप्पर सेंटर आणि नंबर एक या दोनच कोर्टांना आहे. ज्या खेळाडूसाठी जाताय त्याचा सामना कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून रांगेत कधी जायचं ते ठरवा.

नोले जिंकला, ६-३, ६-३, ७-६. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकला (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमला) माझा आवाज पार बसला होता, म्हणून नाशिकला आईला फोन बहिणीने लावला. तिकडे रात्र झाली होती, पण आई जागी होती. म्हणाली, "तो टॉवेल घेऊन बसला ना, तेव्हा मी तुम्हा दोघांना शोधत होते टीव्हीवर."