बाळाच्या खोलीची खिडकी

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात गुहागरला आले, तर इथे लग्नघरासारखी लगबग! मधली खोली बाळंतिणीची ठरली आहे. तिच्या खिडकीला आजोबांच्या वेळचा हिरवा ऑइलपेंट, पोपडे धरलेला. बाबा पॉलिशपेपर घेऊन तयारच होते, मी थांबवलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ पोटातल्या बाळाला फार वाईट. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली तीच नोव्हेंबर २०१७ पासून. ही खिडकी त्याच्या कितीतरी आधीची.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आज सकाळी झडपा बिजागऱ्यांतून काढून मागच्या पडवीत नेल्या. खाली ताडपत्री, तोंडाला मास्क, आणि पाणी मारत मारत ओल्या पेपरने घासत बसले. कोरडं घासलं की धूळ उडते ना. एकेक पोपडा पिशवीत बांधून ठेवला. मला त्या बाजूला फिरकायचीही बंदी. सत्तरीला आलेल्या माणसाचा हा धीर बघून भरून आलं.

आईने अंगणातल्या करवंट्या, फुटक्या कुंड्या सगळ्या उपड्या केल्या, डास नकोत म्हणून. कुंपणाशी शेवग्याची फांदी लावली. उष्टावणापर्यंत पाला तरी मिळेल म्हणते.

आता आजोबांचा सागवानी पाळणा माळ्यावरून उतरवायचा आहे. त्याला रंग नकोच. नुसतं जवसाचं तेल कुणी लावलंय का? वाळायला किती दिवस लागतात, सांगा प्लीज.