लेफ्काडाभोवती शिडाच्या बोटीने सात दिवस

ग्रीसमधल्या केफालोनिया बेटावरच्या फिस्कार्डो गावाच्या खाडीत आम्ही संध्याकाळी सहाला शिरलो, तेव्हा धक्क्यावर एक बोट घुसवायलाही जागा उरली नव्हती. आमच्या ग्रीक स्किपरने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, सुकाणू वळवलं आणि आम्हाला समोरच्या उत्तर काठाशी नेलं. तिथे झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली. त्याने खोल पाण्यात नांगर सोडला, बोट हळूहळू मागे घेतली आणि लांब दोराचं टोक भाच्याच्या हातात देऊन एक खडक दाखवला. भाचा पोहत गेला, शेवाळावरून दोनदा घसरला, तिसऱ्यांदा वर चढला आणि दोर खडकाला गुंडाळला. तो एकोणीस वर्षांचा, पट्टीचा पोहणारा, म्हणून निभावलं. मी, माझे यजमान, दीर आणि जाऊबाई, आमच्या चौघांपैकी कुणालाच ते जमलं नसतं.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: दुपारी दोनच्या आत मुक्कामाच्या बंदरात पोचा. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ केले होते. ग्रीसच्या आयोनियन समुद्रात उन्हाळाभर त्यांचा अनुभव येतो. सकाळी पाणी तेलासारखं संथ असतं. बाराच्या सुमारास वायव्येचा ‘माएस्त्रो’ उठतो, तीन-चारनंतर चांगला जोर धरतो आणि सूर्य बुडाला की पडतो. त्यामुळे आम्ही पुढचे दिवस असे बसवले: नऊला निघायचं, एखाद्या खाडीत पोहायचं, वारा उठला की शीड उभारून तास-दोन तास मनसोक्त जायचं आणि मग थेट धक्का. इंजिन बंद झाल्यावर फक्त पाण्याचा आवाज उरतो, त्या दोन तासांसाठीच हा सगळा खटाटोप करायचा.

निघायला लेफ्काडा निवडलं त्याची कारणं अशी. हे बेट मुख्य भूमीला रस्त्याने आणि उघडणाऱ्या पुलाने जोडलेलं आहे, त्यामुळे फेरीबोट लागत नाही. प्रेवेझाचा विमानतळ अर्ध्या-पाऊण तासावर आहे. आम्ही अथेन्सहून बसने आलो, पाच-साडेपाच तास लागले. बेटाच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मेगानिसी, कालामोस, इथाका, केफालोनिया अशी बेटं जवळजवळ आहेत, म्हणून समुद्र बराचसा आडोशाचा. आमचा मार्ग असा होता: लेफ्काडा मरिना (बोटींचा तळ), मेगानिसी, इथाकावरचं किओनी, केफालोनियावरचं फिस्कार्डो (तिथे दोन रात्री), लेफ्काडावरचंच सिवोता आणि परत. कुठलाही टप्पा 15 नॉटिकल मैलांच्या (सुमारे 28 किलोमीटर) वर गेला नाही. वाटेत स्कोर्पिओस दिसतं, ग्रीक जहाजमालक ओनासिसचं एकेकाळचं बेट. 1968 साली जॅकलिन केनेडीशी त्याचं लग्न तिथेच झालं. पण माझं मन रमलं ते फिस्कार्डोत. 1953च्या भूकंपात केफालोनिया जवळजवळ जमीनदोस्त झालं, हे गाव मात्र बरंचसं वाचलं. ती जुनी रंगीत घरं धक्क्याला लागूनच उभी आहेत.

बोटीचा आठवडा शनिवार ते शनिवार धरतात. ग्रीसमध्ये बोट स्वतः चालवायची तर परवाना लागतो, शिवाय सोबत एक जाणकार माणूसही हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, स्किपर घेतला. त्याचं रोजचं मानधन वेगळं, जेवण आपल्याकडे आणि झोपायला स्वतंत्र केबिन. आम्ही पाच जण, म्हणून चार केबिनची बोट पाहिली. भाड्याशिवाय डिझेल, शेवटची सफाई, बंदराचं शुल्क आणि अनामत हे खर्च येतातच; दर विचारताना हे सगळं लिहून मागा. परवडत असेल तर ऑगस्ट टाळून सप्टेंबर धरा. गर्दी ओसरते आणि पाणी अजून उबदार असतं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. हॉटेलच्या जागी आम्ही बोटीचा करार जोडला, त्यात पाचही नावं होती.

खाण्याचं जाऊबाईंनी पाहिलं. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवा. पोहे, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी न्या. एंग्लुवी हे लेफ्काडाच्या डोंगरातलं गाव मसुरीसाठी नावाजलेलं आहे. बारीक दाणा, महाग, पण त्याची आमटी अशी झाली की स्किपरने वाटी पुढे केली. स्वयंपाक सकाळीच उरका, बोट कलल्यावर ओट्याशी उभं राहवत नाही. शाकाहारी मंडळींचे गावातही हाल होत नाहीत: गिगांतेस म्हणजे टोमॅटोतले मोठे पांढरे घेवडे, भात भरलेले टोमॅटो, पालकाचं सारण भरलेली पाय (pie). काही टॅव्हर्नांचा, म्हणजे खाणावळींचा, स्वतःचा धक्का असतो. जेवायला बसलात तर रात्रभर बोट बांधायचे पैसे घेत नाहीत.

टाकीतलं पाणी मोजकं, आंघोळ दोन मिनिटांत. संडासात कागद टाकायचा नाही, ही ताकीद पहिल्या दिवशीच प्रत्येकाला द्या. नळी तुंबली तर आठवडा खराब होतो. कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागा नसते, कापडी बॅगा न्या. बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, केबिनमध्ये न बसता वर येऊन क्षितिजाकडे पाहावं. दिरांना याच उपायाने बरं वाटलं.

सिवोताहून निघताना आमच्या नांगराची साखळी वर येता येता अडली. शेजारच्या बोटीने रात्री आपला नांगर नेमका तिच्यावर टाकला होता. स्किपरने त्यांच्या नांगराखालून एक दोर ओवून तो तोलून धरला, आमची साखळी सैल सोडली आणि दोन्ही वेगळे केले. वीस मिनिटं गेली. घाईने बस किंवा विमान गाठायचं असेल तर हा वेळ हिशेबात धरा. म्हणूनच शुक्रवारी संध्याकाळीच मरिनात परतायचं, डिझेल भरायचं आणि शेवटची रात्र तिथे काढायची.

आणि पहिल्या दिवशी बोट ताब्यात घेताना फोनवर सगळे फोटो काढा: बाजू, शिडं, छोटी रबरी होडी, सगळं. परतताना होडीवरच्या एका ओरखड्याचे पैसे आमच्या अनामतीतून कापायला निघाले होते. भाच्याने पहिल्या शनिवारचा फोटो दाखवला, ओरखडा त्यातही होता, आणि पूर्ण रक्कम परत मिळाली.