बाईंचं नाव

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आधी मी टाळाटाळच केली. शाळेविषयी नवं काय लिहिणार? जुन्या इमारतीतला काळोखा जिना, मधल्या सुट्टीत नळावर उडणारी झुंबड, प्रार्थनेला उशीर झाला की पायऱ्यांवर खालमानेनं उभं राहणं, हे सगळं बाकीची मंडळी लिहितीलच आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी फक्त आमच्या इंग्रजीच्या बाईंवर लिहिणार आहे. गणिताच्या सरांनी राग मानू नये. त्यांचंही ऋण आहेच, पण दोन पानांत माणूस एकच मावतो.

हल्ली पहिलीच्या पोरालाही इंग्रजी असतं. 2000 सालापासून ते सुरू झालं. आमच्या वेळी इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. 1984 च्या जूनमध्ये आम्ही पाचवी ब मध्ये जाऊन बसलो तेव्हा निम्म्या वर्गाला एबीसीडी सलग म्हणता येत नव्हती. बाई आल्या, पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं आणि सरळ पहिल्या बाकापाशी गेल्या. "व्हॉट इज युवर नेम?" पहिल्या बाकावरचा मुलगा थोडं तरी शिकून आला होता. तो म्हणाला "माय नेम," आणि पुढे धाडकन स्वतःचं नाव.

बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. खडूच्या डब्यातून एक अख्खा खडू काढून त्याच्या हातात दिला आणि मराठीत म्हणाल्या, "हा इज. आधी 'माय नेम' म्हण, मग हा खडू वर कर, मग तुझं नाव सांग." मराठीत 'माझं नाव अमुक' एवढ्यावर भागतं. 'आहे' गिळला तरी कुणाचं काही अडत नाही. त्यामुळे इंग्रजीतही आम्ही तो बिनदिक्कत गिळायचो. पुढचे पंधरा दिवस तो खडू बाकावरून बाकावर फिरला. माझ्यापर्यंत यायचा तेव्हा घामट हातांनी गुळगुळीत झालेला असायचा आणि माझ्या तळव्यावर एक ओलसर पांढरा पट्टा उमटायचा. व्याकरणाची पुस्तकं पुढे पुष्कळ वाचली, पण 'टु बी' या क्रियापदाचं वजन मला त्या खडूइतकं कुणी समजावलं नाही.

माझं नाव ज्ञानेश्वर. आता तुम्हीच सांगा, पाचवीतल्या पोरानं हे इंग्रजीत कसं लिहावं? वहीच्या लेबलवर पहिलं अक्षर कोणतं घालू म्हणून मी बाईंकडे गेलो. इंग्रजीत ज्ञ नाही, हे ऐकून मला माझंच काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. (वर्गातल्या ज्यांच्या नावात ळ होता त्यांचीही तीच गत. त्यांचा ळ कायमचा ल झाला.) बाई म्हणाल्या, "तू बोलतोस कसा? द्न्य. मग तसंच लिहायचं. हिंदीवाले ग्य म्हणतात, ते जी घालतील. आपण डी घालू." डी, एन, वाय, अशी अकरा अक्षरं. लेबलवर मावेनात. शेवटची दोन मी खाली दुमडली.

आणखी एक नवल म्हणजे मोठी अक्षरं. आपल्या लिपीत राजाचं नाव काय आणि रंकाचं काय, अक्षराची उंची एकच. इंग्रजीत मात्र नावाचं पहिलं अक्षर मोठं. तेही ठीक, पण 'आय' वाक्यात कुठेही आला तरी मोठा! माझ्या शेजारच्यानं विचारलंच, "बाई, मी मोठा आणि तू लहान, असं का?" बाई मनापासून हसल्या. "मलाही हे शिकताना आवडलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

पण लिहायचा प्रसंग निराळाच आहे.

जुलै उजाडेपर्यंत आमची गाडी 'हिज नेम' आणि 'हर नेम'वर आली होती. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, तिसऱ्यानं उभं राहून ते वर्गाला कळवायचं, असा तो खेळ. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "आज कुणीही कुणालाही विचारा." शेवटच्या बाकावरचा आमचा एक मित्र उठला. आज तो चांगल्या हुद्द्यावर आहे, म्हणून त्याचं नाव घेत नाही. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मग थेट बाईंकडे पाहून विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

वर्ग चिडीचूप. मराठीत कुणाची छाती झाली असती? मराठीत 'तुझं', 'तुमचं', 'आपलं' यांतलं काय निवडायचं इथेच जीभ अडते, आणि मुळात बाईंना नाव विचारतात का? पण इंग्रजीत एकच 'युवर'. शेजारच्या पोराला विचारायचं तेच वाक्य त्यानं बाईंपुढे टाकलं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती.

बाईंनी शांतपणे सांगितलं, "वाक्य बरोबर. मोठ्या माणसाला विचारताना आणखी एक तऱ्हा आहे. मे आय नो युवर नेम, प्लीज?" त्यानं ते चाचरत म्हटलं. मग बाईंनी खडू स्वतःच्या हातात घेतला, वर केला, आणि आपलं नाव सांगितलं. आडनाव नाही, फक्त नाव. तोवर आम्हाला त्यांचं आडनाव आणि पुढे 'बाई' एवढंच ठाऊक होतं. या बाईंना एक नाव आहे, घरी कुणीतरी त्यांना त्या नावानं हाक मारत असेल, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं.

मी अजून त्याच विचारात होतो, तेवढ्यात बाईंचं बोट माझ्याकडे वळलं. "नाऊ टेल द क्लास." मी उठलो. 'हर नेम इज' म्हणायचं, हे मला पक्कं माहीत होतं. पण हर म्हणजे तिचं. बाईंना 'तिचं' म्हणू? घशातून शब्द निघेना. शेवटी डोळे मिटून म्हणालो, "देअर नेम इज."

बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे वळून फळ्याकडेही पाहिलं. "इथे किती बाई आहेत रे?"

वर्ग फुटला. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "बाई, आदर." तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या आणि खडू माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "इंग्रजीत आदर अनेकवचनात ठेवत नाहीत."

"मग कुठे ठेवतात?"

"आवाजात. म्हण."

मी म्हटलं. मग त्यांनी सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं. बेचाळीस पोरं बेंबीच्या देठापासून बाईंच्या नावाचा पुकारा करताहेत आणि दारात हेडसर येऊन उभे! बाई जराही गडबडल्या नाहीत. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "नाऊ, हू विल आस्क सर?" बेचाळीस हात वर गेले. हेडसरांना एकदम पलीकडच्या वर्गात काम आठवलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते पाचवी ब ला मिळालं होतं. बाकीच्यांनी बाईंना स्वतः विचारावं, 'मे आय नो' म्हणून.

पुढे मी यंत्रं जोडण्याच्या धंद्यात पडलो. सांगू नये, पण आज माझ्या हाताखाली पाच देशांतली माणसं आहेत, आणि माझा निम्मा दिवस एकमेकांची नावं समजून घेण्यात जातो. आमच्या शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी असायचं, म्हणून पहिल्या परदेशी फॉर्मवर 'फर्स्ट नेम'च्या चौकटीत मी बिनधास्त आडनाव लिहिलं. लास्ट नेम म्हणजे शेवटचं, म्हणून तिथे वडिलांचं. महिनाभर सगळे मला वडिलांच्या नावाला मिस्टर लावून हाक मारत होते आणि मी दर वेळी मागे वळून पाहत होतो. नंतर कळलं की आपण एकटे नाही. चिनी, जपानी आणि हंगेरियन माणसंही आडनाव आधी लावतात. इंग्रजीत लिहिताना जपानी लोक ते उलटं करत असत. 2020 पासून त्यांच्या सरकारनं आपल्या कागदपत्रांत तिथेही आडनाव आधी आणलं. आमच्यातली एक सहकारी आइसलँडची आहे. तिचं शेवटचं नाव म्हणजे आडनाव नव्हेच, 'अमक्याची मुलगी' एवढाच त्याचा अर्थ. तिच्याकडे पंतप्रधानांनाही पहिल्या नावानंच हाक मारतात. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते ब्रह्मदेशाचे ऊ थांट. त्यातला ऊ हा आपल्या 'श्री'सारखा, उरलं फक्त थांट. माणसाचं अख्खं नाव एवढंच. आणि आपण आडनावाला 'सर' जोडतो. इंग्रजांचा सर-किताब मात्र पहिल्या नावाला चिकटतो. सर आयझॅक म्हणतात, सर न्यूटन नाही. हे सगळं कळत गेलं तसतसं दर वेळी वाटायचं, बाईंना सांगायला हवं.

सांगितलं नाही. त्याला कारण आहे, आणि ते लिहिताना लाज वाटते. अकरा अक्षरांना कंटाळून तिकडच्या लोकांनी माझं 'डॅन' केलं, आणि मी ते चालवून घेतलं. तीन वर्षं. एकदा तर मीच पुढे होऊन म्हणालो, "कॉल मी डॅन." बाईंनी बेचाळीसांतल्या एकाचंही नाव कधी तोडलं नव्हतं. सगळा वर्ग ज्याला टोपणनावानं चिडवायचा त्यालाही त्या पूर्ण नावानं उभं करायच्या.

मागच्या वर्षी शाळेत गेलो होतो. नवी इमारत देखणी आहे, वर्गात पडदे आहेत. एका चुणचुणीत मुलीनं मला न अडखळता स्वतःची ओळख करून दिली. नाव, इयत्ता, छंद, पुढे काय व्हायचंय, सगळं एका दमात, तोंडपाठ. सुरुवात 'मायसेल्फ'नं. तिचं कौतुक केलं. पण माझं नाव तिनं विचारलं नाही. तिच्या मागून आलेल्या चौघांनीही नाही. आमच्या खेळात विचारणाऱ्यालाही खडू धरावा लागायचा. असो. म्हाताऱ्यांना पूर्वीचं सगळं बरं वाटतं.

हे लिहायला घेण्याआधी बाईंना फोन केला. वय झालंय, ऐकू कमी येतं. समारंभाला येणं जमणार नाही म्हणाल्या. पलीकडून "हॅलो, कोण?" आल्यावर मी आधी सरळ मराठीत नाव सांगितलं.

"कोण ज्ञानेश्वर? माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन ज्ञानेश्वर असायचे."

मी आडनाव सांगितलं, वर्ष सांगितलं, तुकडी सांगितली. बाईंना काही लागेना. मग मी फोन घट्ट धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "मे आय नो युवर नेम, प्लीज?"

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बाई हसल्या.

"अरे, देअर नेमवाला ना तू!"