सहाचं पॉकेट

"काकू, मागच्या दाढेला सहाचं पॉकेट आहे" असं मी म्हटलं, काकूंनी मान डोलावली, हो हो म्हणाल्या, मला वाटलं कळलं. संध्याकाळी मुलाचा फोन, "डॉक्टर, सहा हजार लागणार म्हणे?" अहो मी पैशाचं काही बोललोच नव्हतो! हिरडी दातापासून सुटून 6 मिलिमीटर खोल फट पडलीय एवढंच सांगायचं होतं, पण सहा आणि पॉकेट ऐकल्यावर त्यांनी लावायचा तो हिशोब लावला, आणि लावणारच की.

पुढच्या वेळी आधी आरसाच दिला हातात. म्हटलं काकू, कणीक मळताना अंगठीखाली पीठ अडकतं ना, हिरडी म्हणजे दाताची अंगठी समजा. 3 मिलिमीटरपर्यंत फट सगळ्यांनाच असते, तिथलं निघतं ब्रशने, पण तुमची अंगठी सैल झालीय, आत अडकलेलं निघत नाही, त्याचंच पुढे दगडासारखं किटण होतं आणि खालचं हाड झिजत जातं, त्यात तुम्हाला शुगर, म्हणजे हिरड्या अजून लवकर बिघडतात. मग खुणांची सळई हलकेच आत घातली, सहाच्या खुणेपर्यंत गेली, काकू आरशात बघून गप्पच.

मग खरी भीती बाहेर आली. "पण साफ केले की दात हलतात, शेजारणीचे हलले." हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत (किटण तिथेही!), पण आधी मी सरळ "काही होत नाही" म्हणून उडवून लावायचो ते चूकच होतं. हाड आधीच गेलेलं असेल तर किटण दातांना एकमेकांना चिकटवून धरतं, ते काढल्यावर हलणं जाणवतं, शेजारीण खोटं बोलत नव्हती. फक्त दात सैल केला तो किटणाने, साफ करणाऱ्याने नाही.

आजकाल "कळलं का" विचारतच नाही मी, त्याला उत्तर हो असंच येतं. "घरी गेल्यावर मुलाला काय सांगाल?" असं विचारतो. काकूंनी अंगठी, पीठ, दगड सगळं बरोब्बर सांगितलं, वर विचारलं, "मग पैसे किती?"

मिश्री मात्र सुटलेली नाही अजून. विषय काढला की पदर तोंडाला.