सशाचं आतलं दुखणं: लेंड्यांपासून लॅबपर्यंत

सकाळी शेडमध्ये गेल्यावर मी आधी ससा बघत नाही, पिंजऱ्याखालचं पोतं बघतो. ससा हे दुसऱ्याच्या तोंडी जाणारं जनावर. पोटात कळ असली तरी माणूस जवळ आला की कान उभे करून, डोळे उघडून बसतो आणि आपण 'बरा दिसतोय' म्हणून पुढं सरकतो. लेंड्यांना असं सोंग आणता येत नाही.

त्यासाठी रात्री प्रत्येक पिंजऱ्याखाली पेंडीचं धुतलेलं पोतं पसरायचं. शक्यतो एका पिंजऱ्यात एकच ससा, नाहीतर कुणाची लेंडी कुठली हे कळत नाही. निरोगी मोठा ससा दिवसाला शंभराच्या वर लेंड्या टाकतो. त्या काबुली हरभऱ्याएवढ्या, गोल, एकसारख्या असतात आणि बोटांत चुरगळली तर आत गवताचा कोरडा भुसा निघतो. त्या बारीक, काळ्या, कडक व्हायला लागल्या की आतडं मंदावलंय. केसांत ओवल्यासारखी माळ दिसली तर केस गळायचे दिवस आहेत आणि वैरण कमी पडतेय. पोतं रिकामं असेल तर मात्र बाकीची कामं सोडायची. १२ तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असलेल्या सशाला 'उद्या बघू' चालत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा मऊ लेंड्यांवरून होतो. सशाच्या लेंड्या दोन जातीच्या. दुसरी जात मऊ, चकचकीत, आंबूस वासाची, द्राक्षाच्या छोट्या घडासारखी. ससा ती थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो, म्हणून आपल्याला दिसत नाही. ती पोत्यावर पडलेली किंवा शेपटीला चिकटलेली दिसली की लोक जुलाब समजून औषध पाजतात. तो जुलाब नव्हे. खुराक जास्त झालाय, किंवा ससा इतका सुटलाय की तोंड तिथवर पोचत नाही, किंवा दात नाहीतर पाठ दुखतेय. खुराक निम्मा करून सुकं गवत वाढवलं की बहुतेक ससे आठवड्यात सुधारतात. खऱ्या जुलाबात गोल लेंडी औषधालासुद्धा सापडत नाही, सगळं पातळ असतं आणि मागचे पाय भिजलेले असतात. दूध तोडलेल्या पिल्लांत कधी शेंबडासारखा चिकट पदार्थ पडतो आणि पिल्लू उचललं की पोट अर्ध्या भरलेल्या बाटलीसारखं डुचमळतं. अशी पिल्लं फार कमी वाचतात, डॉक्टरांकडे लगेच नेली तरी.

लघवीचा रंग फसवा असतो. पिवळी, केशरी, चक्क विटकरी लघवीसुद्धा पाल्यातल्या रंगामुळं होते. वाळल्यावर पांढरा खडूसारखा डाग राहतो तो कॅल्शियमचा. थोडा चालतो, पण टूथपेस्टसारखा गाळ पडायला लागला की मोठ्या सशाचा लसूणघास कमी करायचा. लाल लघवीत रक्त आहे की पाल्याचा रंग, हे मेडिकलात मिळणाऱ्या लघवीच्या पट्टीवर कळतं, नुसत्या नजरेला नाही. तीन वर्षांवरच्या मादीत पट्टीनं रक्त दाखवलं तर गर्भाशयाची गाठ धरूनच तपासणी करून घ्यावी. मोठ्या वयाच्या माद्यांत तो कर्करोग नेहमीचा आहे.

मग उरलेली वैरण. ससा भांड्यापाशी येतो, दाणा उचलतो आणि टाकतो, हनुवटी ओली असते, तेव्हा दाढा वाढून गालाला किंवा जिभेला टोचत असतात. भांड्याकडं फिरकतच नाही, पोट जमिनीला दाबून बसतो, कुबड काढतो आणि दात करकरा खातो, तेव्हा दुखणं पोटात आहे. कुरवाळताना येणारी हलकी कटकट वेगळी, ती खुशीची.

दर रविवारी, वैरण टाकायच्या आधी, प्लास्टिकच्या टबात बसवून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन. दोन किलोचा ससा दोनशे ग्रॅमनं उतरला म्हणजे दहावा हिस्सा गेला. केस फुललेले असल्यामुळं हे डोळ्यांना दिसत नाही. वाढत्या पिल्लाचं वजन आठवडाभर जागचं हललं नाही तर तेही आजारपणच. पोट सुटलंय आणि वरून पाठीचे मणके हाताला टोचतात, हे चित्र दिसलं की माझा पहिला संशय कॉक्सिडियावर, म्हणजे आतड्यात नाहीतर यकृतात वाढणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवीवर.

संशय आला की ससा हातात घ्यायचा. कानाला धरून कधीच नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, कारण मागच्या पायांचा एक झटका त्याचाच कणा मोडायला पुरतो. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून साधारण दोन सेंटिमीटर आत. १०१ ते १०४ फॅरनहाइट ठीक. उन्हातून आणलेला किंवा घाबरलेला ससा थोडा वर जातो, त्यामुळं अर्ध्या तासानं पुन्हा मोजावं. मला तापापेक्षा उतरलेल्या आकड्याची धास्ती जास्त. १०० च्या खाली गेलेला ससा आतून थंड पडत चाललेला असतो.

त्यानंतर पोट. डाव्या बाजूला शेवटच्या बरगडीमागं बोटं हलकेच टेकवायची. चांगलं जठर भिजवलेल्या कणकेसारखं लागतं, दाबलं की दबतं. सुकलेला गोळा लागला तर पाणी कमी पडून आतडं थांबलंय. हलगीसारखं ताणलेलं लागलं, तर गॅस धरलाय किंवा वाट अडकलीय. सशाला उलटी होत नाही, त्यामुळं वर सुटायला मार्गच नाही. स्वस्तातला स्टेथोस्कोप पोटावर ठेवला तर चांगल्या सशात अधूनमधून गुडगुड येते. दोन-तीन मिनिटं पूर्ण शांतता आली तर ती डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे.

पुढचं सगळं या बोटांच्या निकालावर. पोट ताणलेलं असेल तर तोंडानं काही घालायचं नाही, थेट दवाखाना. पोट मऊ आहे पण ससा खात नाही, तर आधी ऊब: गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी, पण सरकायला जागा ठेवून. तापमान १०० च्या वर आल्यावरच भरवणं. पेलेट (सशाचा गोळीखुराक) कोमट पाण्यात भिजवून, गाळून, सुई काढलेल्या पाच मिलीच्या सिरिंजनं पुढच्या दातांमागच्या फटीतून एकेक मिली. गिळल्याशिवाय पुढचा घास नाही, नाहीतर फुप्फुसात जातं. एका वेळी किलोला दहा मिली, दिवसात पाच वेळा. हे डॉक्टरांकडं पोचेपर्यंतचं काम, उपचार नव्हे. वेदनाशामक आणि सलाइन मिळाल्याशिवाय थांबलेलं आतडं सहसा चालू होत नाही. ऑपरेशनआधी कुत्र्यासारखं 'उपाशी आणा' कुणी म्हटलं तर सशासाठी पुन्हा विचारून घ्यावं.

घरातल्या उरलेल्या गोळ्यांबद्दल बोलायलाच हवं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांतलं काही तोंडावाटे दिलं की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विष तयार करणारे माजतात आणि ससा दोन-चार दिवसांत जातो. आजार राहतो बाजूला, गोळीच मारते. पिसवांसाठी फिप्रोनिलचं कुत्र्याचं औषधही सशाला नको.

कॉक्सिडिया कोल्हापुरात खरा पावसाळ्यातला. आषाढ-श्रावणात शेड आठवडेच्या आठवडे सुकत नाही, आणि लेंडीतून पडलेल्या अंड्यांना घातक व्हायला ओल आणि एक ते चार दिवस एवढंच लागतं. त्यामुळं रोजची झाडलोट हेच पहिलं औषध. नमुना द्यायचा तर सकाळच्या ताज्या लेंड्या, तीन-चार पिल्लांच्या मिळून काडेपेटीभर, झाकणाच्या डबीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून त्याच दिवशी. मिठाच्या संपृक्त पाण्यात अंडी वर तरंगतात आणि मायक्रोस्कोपखाली मोजता येतात. मोठ्या निरोगी सशातही थोडी सापडतात, म्हणून आकडा आणि लक्षणं जोडीनं बघायची. उलट यकृताच्या प्रकारात अंडी बाहेर पडायला दोन आठवडे लागतात. एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त झालं की पुढचं पिल्लू जातं.

पिल्लू मेलंच तर शवविच्छेदनासारखा पुरावा नाही. शव गोठवायचं नाही. प्लास्टिकमध्ये बांधून, थर्माकोलच्या पेटीत बर्फ लावून काही तासांत पोचवायचं, दाट केसांमुळं ते आतून लवकर कुजतं. इथं सोय झाली नाही तर पुण्याच्या हायवेवर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, निघण्याआधी फोन करावा. यकृतावर पांढरट-पिवळ्या गाठी दिसल्या तर कॉक्सिडिया. आतड्याच्या पडद्यावर वाटाण्यासारखे पाण्याचे स्वच्छ फोड दिसले तर ते पट्टकृमीचे, म्हणजे कुत्री हगलेल्या बांधावरचं गवत आलंय. तेव्हा औषध सशाआधी कुत्र्याला आणि वैरणीची जागा बदलायची. पंचगंगेच्या पुराखालून गेलेलं, गाळ बसलेलं गवतही मी आणत नाही, कितीही हिरवं दिसलं तरी.

कॉक्सिडिया ठरल्यावर आमच्याकडं टोल्ट्राझुरिल २.५ टक्के, लिटरभर पाण्यात एक मिली, दोन दिवस. पाच दिवस सोडून पुन्हा दोन दिवस. प्रमाण डॉक्टरांनी पिल्लांचं वजन बघून ठरवलेलं असावं, आणि खाण्यासाठी ससे पाळणाऱ्यांनी औषधानंतर किती दिवस थांबायचं तेही विचारावं. इथं एक चूक हमखास होते: औषधाचं पाणी ठेवलं, पण हिरव्या ओल्या वैरणीवर ससा पाणीच पीत नाही. त्या दोन दिवसांत गवत सुकवून द्यायचं आणि बाटलीवर मार्करनं रेघ मारायची. दोन किलोच्या सशानं दिवसाला साधारण दोनशे मिली संपवलं पाहिजे. घरातलं फिनाइल-ब्लीच कॉक्सिडियाच्या अंड्यांवर चालत नाही. ससे बाहेर काढून जाळी खरवडायची, उकळतं पाणी ओतायचं, वाळल्यावर गॅसचा बर्नर फिरवायचा. औषधाच्या दुसऱ्या फेरीच्या दिवशी पुन्हा तेच, आणि दहा दिवसांनी ताज्या लेंड्यांची तशीच डबी परत लॅबला.